अहमदाबादच्या पोळा : जुने शहर रहिवाशांनी जपले की महानगरपालिकेने?

पेठकर

नमस्कार. अहमदाबादच्या कोटाआतील जुन्या शहराला जुलै २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि असा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले शहर ठरले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्यानंतर तेथील पोळांविषयी, म्हणजे एकाच दरवाजाच्या आत वसलेल्या जुन्या गल्ल्यांविषयी, जे लेख वाचनात आले, त्यांत दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितलेल्या आढळल्या. काहींच्या मते हे पुनरुज्जीवन रहिवाशांनी स्वतःहून केले आणि महानगरपालिका मागाहून आली. इतरांच्या मते सर्व योजना महानगरपालिकेच्याच होत्या आणि रहिवासी केवळ छायाचित्रांत दिसतात.

हे विचारण्याचे कारण असे की पुण्याच्या कसबा आणि शनिवार पेठांत राहणारे आम्ही काही जण आमच्या गल्लीतील उरलेले वाडे, हौद आणि दोन लहान देवळे यांच्यासाठी काही करता येईल का, याचा विचार करत आहोत. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग पाहता पुढच्या पिढीला दाखवण्यासारखे काय उरेल, याची मनापासून चिंता वाटते. पोळांमध्ये पंचाची जी जुनी व्यवस्था होती, तिचे नेमके काम काय होते, ती आज कितपत शिल्लक आहे, दुरुस्तीचा पैसा कोठून येतो आणि या सगळ्यात भाडेकरूंचे काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रायपूर दरवाजा

आमचे कुटुंब तीन पिढ्या अहमदाबादच्या रायपूर भागात राहत आहे, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणे मला कर्तव्यच वाटते. आपण विचारलेले 'रहिवासी की महानगरपालिका' हे कोडे इतिहासात थोडे मागे गेल्याशिवाय सुटत नाही.

सुलतान अहमदशाहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस महमूद बेगड्याच्या काळात त्याभोवती कोट उभा राहिला. कोटाच्या आत एका जातीची, धंद्याची किंवा पंथाची कुटुंबे एकमेकांना लागून राहू लागली आणि त्यांच्या गल्लीला एकच दरवाजा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. माणेक चौकाजवळची मुहूर्त पोळ ही सर्वांत पहिली, असे येथे मानले जाते. पोळेचा दरवाजा रात्री बंद होत असे आणि त्याच्यावरच्या खोलीत रखवालदार राहत असे. आत विहीर, देऊळ किंवा देरासर (जैन मंदिर) आणि पाखरांना दाणे टाकण्यासाठी उभारलेला नक्षीदार चबुतरो असे आणि या सर्व गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नसून पोळेच्या असत. हिंदू आणि जैन यांच्याप्रमाणे मुसलमानांच्याही पोळा आणि मोहल्ले आहेत, आणि बोहरा समाजाचे 'वाड' तर लाकडी घरांच्या रेखीवपणासाठी आजही पाहण्यासारखे आहेत.

पोळांचे दरवाजे अधिक भक्कम झाले ते अठराव्या शतकात, आणि त्यात मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीचा वाटा मोठा आहे, हे आपण मराठी माणसांनी स्पष्टपणे लक्षात ठेवले पाहिजे. १७२५ मध्ये मराठी फौजा शहरावर चालून आल्या, तेव्हा नगरशेठ, म्हणजे शहरातील व्यापाऱ्यांचे प्रमुख, खुशालचंद यांनी पदरची रक्कम देऊन शहराची लूट टाळली. त्याची परतफेड म्हणून व्यापाऱ्यांनी शहरात येणाऱ्या मालावर शेकडा चार आणे नगरशेठांच्या घराण्याला कायमचे लावून दिले. संकट आले की वर्गणी काढायची, एकाने पुढे व्हायचे आणि सर्वांनी मिळून त्याची भरपाई करायची, ही रीत महाजन, म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना, आणि पोळेचे पंच या दोन्ही संस्थांत मुरलेली होती. पुढे १७५८ पासून १८१७ पर्यंत शहराची सत्ता पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेली होती. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात बसत असे आणि रायखड भागातील गायकवाड हवेली त्या काळाची साक्ष देत अजून उभी आहे. भद्रकालीचे देऊळही मराठेशाहीतलेच मानतात.

आता पंचाविषयी. एकोणिसाव्या शतकातील नोंदींवरून असे दिसते की पोळेतील घर विकायचे झाल्यास ते आधी पोळेतल्या माणसाला देऊ करावे लागे, आणि विक्रीच्या किमतीतील ठरावीक हिस्सा पोळेच्या निधीत जमा होत असे. लग्नकार्याच्या वेळी पोळेला जेवण किंवा देणगी देण्याची पद्धत होती. या निधीतून दरवाजाची डागडुजी, रखवालदाराचा पगार, विहिरीचा उपसा आणि सामाईक भांडीकुंडी यांचा खर्च भागत असे. म्हणजे घर कुटुंबाचे असले, तरी ते कोणाच्या हाती जावे याविषयी शेजाऱ्यांनाही बोलण्याचा अधिकार होता. आजच्या कायद्यात असा अधिकार टिकणारा नाही आणि तो टिकावा असेही मी म्हणणार नाही, कारण त्याच अधिकाराने परजातीच्या माणसाला दाराबाहेर ठेवले. परंतु सामाईक मालमत्ता, तिचा निधी आणि तिचा हिशेब विचारणारी माणसे हा त्या व्यवस्थेचा जो दुसरा भाग होता, तो अनेक पोळांत अजून जिवंत आहे. आमच्या पोळेत चबुतऱ्याच्या दाण्यांचा खर्च, देवळाची रंगसफेदी आणि नवरात्रातील मांडव यांची वर्गणी आजही घरटी गोळा होते, आणि पोळ सोडून नदीपलीकडे राहायला गेलेली कुटुंबेही ती नियमाने पाठवतात.

ही कुटुंबे नदीपलीकडे गेली, हेच पोळांच्या पडझडीचे मूळ आहे. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी शहरातील पहिली कापडगिरणी सुरू केली, गिरण्यांतून आलेल्या पैशाने पोळांमध्ये नव्या हवेल्या उभ्या राहिल्या, आणि १८९२ मध्ये एलिस पूल झाल्यावर त्याच पैशाने काही दशकांत पश्चिमेकडे बंगले व गृहनिर्माण सोसायट्या वसल्या. ज्यांना परवडले ते गेले. मागे उरली ती वृद्ध माणसे, भाडेकरू आणि तळमजल्यावरची गोदामे. १९६९ आणि १९८५ च्या दंगलींनी उरलेल्यांपैकी अनेकांना बाहेर लोटले.

अशा अवस्थेत १९९६ मध्ये महानगरपालिकेने वारसा कक्ष सुरू केला आणि देबाशिष नायक यांच्यासारख्या जाणकाराकडे त्याचे मार्गदर्शन आले. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा पदयात्रा सुरू झाली, आणि ती आजतागायत दररोज सकाळी निघते. या पदयात्रेचे महत्त्व पर्यटनापेक्षा वेगळे आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरांना त्यांच्या मालकांची मुलेही 'जुनाट' म्हणत होती, त्यांच्या ओट्यासमोर परगावची माणसे उभी राहून खांबावरील नक्षी न्याहाळू लागली, आणि ती नक्षी कोणी व कधी कोरली हे सांगण्यासाठी घरातील आजोबांना बोलावले जाऊ लागले. लांबेश्वरच्या पोळेत कवी दलपतराम यांचे घर पडून गेले होते. त्या जागी महानगरपालिकेने घराचा दर्शनी भाग उभारला, पुढे चौक केला आणि ओट्यावर बसलेल्या कवीचा पूर्णाकृती पुतळा ठेवला. संध्याकाळी त्याच पुतळ्याशेजारी पोळेतली मुले अभ्यासाला बसतात आणि म्हातारी माणसे गप्पांना जमतात. ती जागा झाडण्यासाठी महानगरपालिकेच्या माणसाची वाट पाहत कोणी बसत नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की सुरुवात महानगरपालिकेने केली, परंतु ती टिकली ती पोळेत आधीपासून असलेल्या सामाईक व्यवहारामुळे. जेथे पंच आधीच विस्कटले होते, तेथे महानगरपालिकेने बसवलेली फरशी आणि दिवेही दोनचार वर्षांत दुर्दशेला गेले.

चुना आणि सागवान

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि पोळांतील काही घरांवर काम करण्याची संधी मला मिळाली आहे, म्हणून केवळ घरांच्या बांधणीविषयी आणि पैशाविषयी लिहितो.

पोळेतील घर हे विटा आणि सागवान यांचे मिळून बनलेले असते. भिंत बांधताना ठरावीक उंचीवर आडव्या तुळया घालून त्या कोपऱ्यांत एकमेकींत अडकवतात, त्यामुळे जमीन हादरली तर भिंत एकसंध राहून हलते आणि विटा निसटत नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींपैकी बहुतेक काँक्रीटच्या आणि अलीकडच्या होत्या, तर पोळांतील लाकडी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. ही गोष्ट तेथील रहिवासी अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान सार्थ आहे. मात्र हे संरक्षण लाकूड शाबूत असेपर्यंतच मिळते. छतावरून गळणारे पाणी तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकापर्यंत पोहोचले की ते टोक आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तपासताना आम्ही लाकडाच्या ठोकळ्याने तुळई टोकापर्यंत ठोकत जातो. निरोगी सागवानाचा आवाज टणक येतो, कुजलेल्या भागाचा बद्द येतो, आणि तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांध्यात बसवले की सबंध तुळई बदलावी लागत नाही. हा सांधा करणारे सुतार आज फार थोडे उरले आहेत.

दुरुस्तीतील सर्वांत मोठे नुकसान सिमेंटने केले आहे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, तर सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो, आणि मग भिंतीच्या पोटातले लाकूड वाळवीच्या तोंडी जाते. घरमालकाला वाटते की आपण भिंत पक्की केली, आणि दहा वर्षांत खांब बुडाशी भुसभुशीत झालेला सापडतो. पुण्याच्या वाड्यांतही अगदी हेच घडते, त्यामुळे आपण गल्लीत काही सुरू करणार असाल तर पहिली सभा घरमालकांची घेऊन त्यांना एवढी एकच गोष्ट एखाद्या जुन्या गवंड्याच्या तोंडून ऐकवावी.

चौकाखालच्या टाक्याविषयीही लिहिले पाहिजे. पोळांतील हजारो घरांच्या चौकाखाली चुन्याने बांधलेले टाके आहे. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यायचे, छत स्वच्छ झाले की नळीचे तोंड टाक्याकडे वळवायचे, आणि ते पाणी वर्षभर पिण्यासाठी वापरायचे, अशी ही व्यवस्था आहे. टाक्यात उजेड आणि हवा कमीत कमी जावी म्हणून तोंड लहान असते आणि त्यावर झाकण असते. नळ आल्यावर बहुतेक टाकी बंद पडली, पण काही कुटुंबांनी ती उपसून पुन्हा सुरू केली आहेत. घराच्या दुरुस्तीपेक्षा टाक्याच्या दुरुस्तीला खर्च बराच कमी येतो आणि उपयोग पहिल्याच पावसाळ्यात दिसतो, त्यामुळे शेजाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी हे काम मला फार सोयीचे वाटले.

पैशाविषयी. अहमदाबादेत दोन हजारांहून अधिक निवासी इमारती वारसा यादीत आहेत. यादीतील घर पाडून मजले चढवता येत नाहीत, पण त्या जागेवर जे बांधकाम करता आले असते त्याचा हक्क मालकाला शहराच्या दुसऱ्या भागातील बिल्डरला विकता येतो. घर मोठे असेल तर त्यातून दुरुस्तीचा खर्च निघू शकतो. लहान घराच्या वाट्याला येणारा हक्क मात्र इतका थोडा असतो की कागदपत्रांच्या धावपळीतच माणूस थकून जातो. काही मालकांनी हवेलीतल्या खोल्या पाहुण्यांना राहण्यासाठी देऊन दुसरा मार्ग काढला आहे. उत्तरायणात, म्हणजे आपल्या संक्रांतीला, पतंग उडवण्यासाठी पोळांच्या गच्च्या भाड्याने देण्याची पद्धतही आता चांगलीच रुळली आहे, आणि त्या पैशातून कौले फिरवून घेतलेली कुटुंबे मला माहीत आहेत.

दुसरा मजला, मागची खोली

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत. परंतु त्यांत बोलणारा माणूस प्रत्येक वेळी घरमालक आहे, म्हणून भाडेकरूंच्या बाजूने काही लिहिणे आवश्यक वाटते. माझे माहेर काळूपूरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत होते.

मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा राज्याचे विभाजन झाल्यावर गुजरातमध्येही चालू राहिला, त्यामुळे पुण्यातील वाड्यांचे आणि अहमदाबादच्या पोळांचे दुखणे मुळात एकच आहे. भाडे गोठलेले असल्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नसतो, आणि घर आपले नसल्यामुळे भाडेकरू त्यात पैसा घालायला धजत नाही. पाऊस दोघांच्याही डोक्यावर गळतो, फरक इतकाच की मालक बहुधा नदीपलीकडे राहत असतो. अशा घरात खांब, कोरीव झरोके आणि दरवाजाच्या चौकटी उतरवून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकल्या जातात, आणि एकदा दर्शनी भाग गेला की मागचे घर पडायला फार दिवस लागत नाहीत. वारसा यादीत नाव असूनही हे प्रकार थांबलेले नाहीत.

दुसरा अडसर अशांत क्षेत्रांच्या कायद्याचा. दंगलींच्या काळात भीतीपोटी कोणी कवडीमोलाने घर विकू नये, हा त्याचा घोषित हेतू होता, आणि १९९१ च्या या कायद्यानुसार घोषित भागातील घराच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रत्यक्षात मात्र दोन समाजांतला व्यवहार जवळजवळ अशक्य होऊन बसला, ज्यांना खरोखर राहण्यासाठी घर हवे होते त्यांना ते मिळेना, आणि रिकाम्या घरांत गोदामे आली. गोदामाला ओटा लागत नाही आणि चौकही लागत नाही. पोळेतील रात्रीची वर्दळ संपली की पंचही आपोआप संपतात, कारण सभेला माणसेच उरत नाहीत.

पेठकर यांना माझी कळकळीची विनंती आहे की आपण जी समिती कराल, तिच्यात भाडेकरूंना पहिल्या दिवसापासून मताचा अधिकार द्या. घर कोणाचे हा वाद न्यायालयात चालू राहू द्या, पण जिना, हौद, चौक आणि गटार यांचा रोजचा वापर ज्यांचा आहे, त्यांचे म्हणणे नोंदवहीत आलेच पाहिजे. माणेक चौकातील भाजी विकणाऱ्या बायकांनी 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या आधाराने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आपली बसण्याची जागा राखली, हाही जुन्या शहराच्या जतनाचाच भाग आहे. सकाळी भाजी, दिवसा सोनेचांदी आणि रात्री खाण्याच्या गाड्या असा त्या चौकाचा जो दिनक्रम आहे, त्यातला सकाळचा भाग या बायकांच्या चिकाटीमुळे शिल्लक राहिला.

पेठकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक अडचण मांडतो. पोळेत प्रत्येक घर स्वतंत्र आणि गल्ली सामाईक असते. आमच्याकडे वाडा हाच एक घटक आहे : मालक दर्शनी बाजूला, मागच्या चौकात दहाबारा बिऱ्हाडे, आणि शेजारच्या वाड्याशी भिंतीखेरीज काही संबंध नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे अनेक वाडे गेले आणि पेठांची जुनी माणसेही पांगली. पोळेच्या पंचासारखी, वाड्यावाड्यांना जोडणारी कोणतीही संस्था आमच्या पेठेत कधी होती असे दिसत नाही. मग निधी कोणाच्या नावाने गोळा करायचा आणि हिशेब कोणी विचारायचा?

रायपूर दरवाजा

पेठकर, आपल्या पेठेत अशी संस्था नाही, हे मला पटत नाही. आपल्या गल्लीत सार्वजनिक गणपतीचे मंडळ असेलच. पुण्यातील अनेक मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत, त्यांच्याकडे बँकेतील खाते आहे, वार्षिक हिशेब तपासला जातो, सामान ठेवायला खोली आहे, आणि मुख्य म्हणजे घरोघर जाऊन वर्गणी मागण्याचा त्यांचा हक्क शंभर वर्षांहून अधिक काळ सर्वांनी मान्य केलेला आहे. वर्गणी मागताना ती मालक आणि भाडेकरू असा भेदही करत नाहीत. पोळेच्या पंचाकडे जे जे होते, त्यातले जवळजवळ सर्व मंडळाकडे आहे. फक्त वर्षातील दहा दिवसांपलीकडचे काम आपले आहे, असे त्याने अजून ठरवलेले नाही. नवी समिती स्थापून तिच्यासाठी विश्वास मिळवण्यात पाच वर्षे घालवण्यापेक्षा मंडळाच्या वार्षिक सभेत जाऊन हौदाच्या दुरुस्तीसाठी वर्गणीचा ठरावीक हिस्सा बाजूला काढण्याचा ठराव मांडावा. त्याआधी नियमावलीतील उद्देशांच्या कलमात असा खर्च बसतो का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. बसत नसल्यास उद्देशात बदल करण्यासाठी धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागेल.

हे सुचवताना मला गणेश वासुदेव मावळणकर यांची आठवण होते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९३० च्या दशकात ते अहमदाबाद नगरपालिकेचेही अध्यक्ष होते. मराठी घरातला माणूस या शहराचा कारभार पाहत होता आणि शहराने त्याला आपला मानले. तेव्हा आपण अहमदाबादेत येऊन पोळा पाहाव्यात आणि येथील पंचांशी बोलावे, त्यासाठी संकोच करण्याचे काहीच कारण नाही. पावसाळ्यात आलात तर टाके भरताना प्रत्यक्ष पाहता येईल. शक्य झाल्यास मंडळाच्या दोन तरुण कार्यकर्त्यांना आणि मागच्या चौकातील एखाद्या भाडेकरू ताईंनाही बरोबर आणावे. उतरण्याची सोय आमच्या पोळेत करता येईल.

चुना आणि सागवान

हौदापासून सुरुवात करणार असाल तर एक सूचना. काम सुरू करण्यापूर्वी हौदात पाणी कोठून येते आणि जास्तीचे कोठे जाते, याचा नकाशा काढून घ्या. नुसता गाळ काढून भिंतींना गिलावा केला आणि निचऱ्याची वाट बुजलेलीच राहिली, तर पाणी शेजारच्या वाड्याच्या जोत्यात मुरते आणि सर्वप्रथम त्याच वाड्याचे खांब खचतात. चुना भिजवायला निदान तीन आठवडे लागतात हे धरूनच गवंड्याला सांगा, आणि गणपतीच्या आधी काम उरकण्याची घाई करू नका.